एक नंबरचे दोन दगड

तमाम पुणेकरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, धायरी येथील एका मैदानाच्या चार कोपऱ्यांवरील चार दगड, वजन प्रत्येकी एका सुखवस्तू गृहस्थाएवढे, कोणासही पूर्वसूचना न देता ओढ्याच्या दिशेने पंधरा मीटर चालत गेले आहेत. जाताना त्यांनी मैदानही सोबत नेले आहे. सदर दगडांना पाय नाहीत हे मी खात्रीपूर्वक सांगू शकतो, कारण ते मीच रोवले होते.

हा मजकूर मी खरोखरच तक्रार अर्जाचा पहिला परिच्छेद म्हणून लिहिला होता. सोसायटीच्या सेक्रेटरी मेश्राम मॅडम यांनी तो वाचला, कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"पाटणकर साहेब, हा मी घरी हसायला नेते. ऑफिससाठी दुसरा लिहा. साहेब लोक अर्ज वाचत नाहीत, पण त्यात विनोद असला की नेमका तेवढाच वाचतात."

मेश्राम मॅडम मूळच्या नागपूरच्या. टेलिफोन खात्यात बदली होऊन पुण्यात आल्या आणि धायरीला प्लॉट घेऊन घर बांधलं. त्यांच्या फाइलीला पानांचे नंबर असत. असा क्लायंट असला की सर्व्हेअरला धडकीही भरते आणि धीरही येतो.

मी सर्व्हेअर. म्हणजे जमीन मोजायची, नकाशा काढायचा आणि खाली सही करायची. सही सोपी असते, पण एकदा केली की ती जमीन आयुष्यभर तुमच्या मागे लागते. ही अशीच मागे लागलेली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धायरी म्हणजे ज्वारीचं रान, मधे ओढा आणि सिंहगड रोडवरून येणारी धूळ. तिथे एका शेतजमिनीचे प्लॉट पाडायचं काम मला मिळालं. माझं पहिलं मोठं काम. प्लॉट पाडण्याच्या नकाशाला लेआऊट म्हणतात. लेआऊट मंजूर व्हायचा तर ठरावीक जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडावी लागते. ती ओपन स्पेस. ती विकायची नाही आणि तिच्यावर बांधायचं नाही. तिथे मुलांनी खेळायचं, म्हाताऱ्यांनी बसायचं आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बघत चहा प्यायचा. एवढाच तिचा उपयोग, आणि म्हणूनच तिच्यावर सगळ्यांचा डोळा.

आमची ओपन स्पेस होती रस्त्याला लागून. रस्त्याच्या बाजूने चाळीस मीटर, आत तीस मीटर. जवळजवळ बारा गुंठे. चार कोपऱ्यांना मी काँक्रीटचा पातळ बेड घालून काळ्या पाषाणाचे चार दगड रोवले. प्रत्येकावर छिन्नीने एक फुली आणि खाली आकडा कोरून घेतला, एक ते चार. नकाशावर सही केली आणि विसरून गेलो.

मग हिंजवडीला कंपन्या आल्या. हिंजवडी धायरीपासून काही जवळ नाही, पण जमिनीच्या भावाच्या बाबतीत पुण्यातलं सगळंच एकमेकांना लागून असतं. ज्वारी गेली. ओढा राहिला, कारण त्याला कोणी गिऱ्हाईक नव्हतं. आणि एक दिवस मेश्राम मॅडमचा फोन आला.

"पाटणकर साहेब, आमच्या मुलांचा बॉल दर ओव्हरला ओढ्यात जातो."

"मुलं मोठी झाली, मॅडम. सिक्सर मारत असतील."

"माझा पुतण्या मारतो नं तो बॉल. त्याला मी ओळखते. तो सुधारलेला नाही. मैदान सरकलं आहे."

मला हसू आलं. मग त्यांनी सोसायटीला आलेली नोटीस वाचून दाखवली आणि हसू थांबलं. ज्यांनी प्लॉट पाडले त्यांचे चिरंजीव, विलासशेठ, आता स्वतः डेव्हलपर झाले होते. त्यांनी रिव्हाइज्ड लेआऊट दाखल केला होता, म्हणजे आधीच्या मंजूर नकाशात दुरुस्ती. त्या नकाशात ओपन स्पेस तेवढीच होती, चाळीस गुणिले तीस. फक्त ती पंधरा मीटर मागे, ओढ्याच्या उतारावर होती. पुढे रस्त्यालगत जे सहा गुंठे सुटले, तिथे होस्टेल; मुलांना तिथून आधीच मागे हुसकलं होतं. खाली टीप होती: 'ओपन स्पेस जागेवरील मूळ हद्दीच्या दगडांप्रमाणे दाखवली आहे.' आणि मूळ दगड कोणाचे? माझे.

म्हणजे गेलेलं मैदान माझ्याच सहीने गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बबनरावांना घेऊन धायरीला गेलो. बबनराव म्हणजे माझे टेप धरणारे सहकारी. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, धायरीच्याच जुन्या वस्तीतले. मला मोजणी कॉलेजने शिकवली आणि माणसं बबनरावांनी.

आम्ही दगड शोधले. चारही सापडले. मोजलं. चाळीस, तीस, चाळीस, तीस. कर्ण जुळले. पुन्हा मोजलं. इतका काटकोनात बसलेला प्लॉट मी स्वतःही कधी पाडला नव्हता.

आता वाचक विचारतील, जुना नकाशा होता ना? होता. पण नकाशा नुसता असून चालत नाही. जमिनीवरची एखादी कायमची गोष्ट धरून त्यावरून अंतरं मोजावी लागतात. तिला आम्ही रेफरन्स म्हणतो. माझ्या फील्डबुकात, म्हणजे जागेवर आकडे टिपायच्या वहीत, रेफरन्स होता एक विहीर. मी मोठ्या अभिमानाने विहिरीकडे गेलो. तिथे चार मजली इमारत उभी होती आणि तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान होतं.

"अहो, इथे विहीर होती ना?" मी दुकानदाराला विचारलं.

"इथे झेरॉक्स आहे," तो म्हणाला. आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रस्त्यावरूनही मोजता येईना, कारण रस्ता मधल्या काळात दोनदा रुंद झाला होता आणि दोन्ही वेळा वेगळ्या बाजूने. मी परत येऊन दगडांपाशी बसलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दोन, तीन आणि चार नंबरचे दगड हाताने घडवलेले होते, टाकीचे घाव दिसत होते. एक नंबरच्या दगडाच्या कडा मात्र सुरीने कापलेल्या चीजसारख्या सरळ होत्या. तो मशीनवर कापलेला होता.

"बबनराव, हा आपला नाही."

"न्हाईच. आपला तो बघा की." बबनरावांनी मान वळवली.

रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली, म्हसोबा बसला होता. शेंदराने लालभडक, दोन चांदीचे डोळे, पुढे नारळाच्या करवंट्या.

मी बबनरावांकडे पाहिलं. बबनरावांनी ओढ्याकडे पाहिलं.

"बबनराव?"

"साहेब, तुम्ही तवा नवे हुता. दगड लावून शहरात जायचा. हितं मागं बाया धुणं धुवायला दगड उचलून न्यायच्या. कुणी पायरीला लावायचं. मग मी काय करायचो, दर साइटीवर एका दगडाला शेंदूर फासायचो. एक ऱ्हायला की बाकीचे शोधता येत्यात."

मी त्या माणसाबरोबर अकरा वर्षं काम करत होतो. पुण्याच्या चारी दिशांना मी हद्दी ठरवत फिरत होतो आणि माझ्या मागून हा गृहस्थ देव बसवत फिरत होता.

सगळा उलगडा झाला. विलासशेठच्या माणसांनी दोन, तीन, चार उपटून मागे लावले. एक नंबरला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. म्हणून त्यांनी नवा एक नंबर घडवून आणला आणि मूळ एक नंबरला देव म्हणून सोडून दिलं.

हे मी मेश्राम मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या मागे कपाटावर बुद्धाची मूर्ती होती. तीही माझ्याकडेच बघत असल्यासारखं वाटलं.

"मी आयुष्यात शेंदराच्या दगडापुढे हात जोडले नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्या दगडावर सभामंडप बांधायला निघाले होते, तेव्हा मीच अर्ज करून थांबवलं. आणि आता माझी सगळी केस त्याच्यावर उभी आहे?"

"तसं नाही म्हणता येणार, मॅडम. तो देव नाहीच. तो सर्व्हेचा दगड आहे."

"सिद्ध करा."

अडचण तिथेच होती. फुली आणि आकडा शेंदराच्या खाली होता. अकरा वर्षांचा शेंदूर, तेलात कालवून दर अमावास्येला चढवलेला. तो खरवडल्याशिवाय आकडा दिसणार नाही. आणि भर वस्तीत म्हसोबाला खरवडायला छिन्नी घेऊन गेलेल्या सर्व्हेअरचं पुढे काय होतं, याची मोजणी मला करायची नव्हती.

इन्स्पेक्शन मंगळवारी सकाळी अकराला ठरलं होतं. मंजुरी देणाऱ्या ऑफिसातून कदम साहेब आले. कोणतं ऑफिस ते विचारू नका. त्या भागाची हद्द तेव्हा कधी शहरात असे, कधी बाहेर. कदम साहेब मितभाषी. बोलले तरी वाक्य पूर्ण करायची त्यांना गरज वाटत नसे.

विलासशेठ पांढऱ्या गाडीतून उतरले. सोबत त्यांचा मुकादम आणि लॅपटॉपवाला तरुण आर्किटेक्ट.

"काय पाटणकर! अहो, तुमचाच नकाशा, तुमचेच दगड आणि तुम्हीच विरोधात? आमच्या नव्या तीन साइट आहेत. मोजणीला घरचा माणूस हवा होता आम्हाला."

"दगड घरचा घडवलात, तेवढं पुरे आहे," मी म्हणालो.

आर्किटेक्टने टोटल स्टेशन लावलं. हे मोजणीचं आधुनिक यंत्र. काटा चुकत नाही. त्याने आकडे वाचले आणि म्हणाला, "सर, परफेक्ट रेक्टँगल. झीरो एरर."

"झीरो एररच खटकते," मी म्हणालो. "साहेब, हा एक नंबरचा दगड नवा आहे. खरा एक नंबर तो तिथे, लिंबाखाली."

सगळ्यांनी वळून पाहिलं. एव्हाना बघे जमले होते. मंगळवारी सकाळी अकराला धायरीत इतकी माणसं मोकळी असतील असं मला वाटलं नव्हतं.

"म्हसोबा?" विलासशेठ ओरडले. "अहो, माझ्या आजोबांच्या आधीपासून आहे तो! जागृत स्थान आहे!"

"आपण कधी पाया पडलात?" मेश्राम मॅडमनी विचारलं.

"रोज मनातल्या मनात पडतो. साहेब, देवाला कोणी हात लावायचा नाही. लोकांच्या भावना आहेत. मी स्वतः इथे देऊळ बांधून देणार आहे. संगमरवरी!"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. संगमरवर हा शब्द मागपर्यंत पोचला. कदम साहेब माझ्याकडे वळले.

"पुरावा?"

"शेंदराखाली आहे."

"मग कठीण." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. पेनाचं टोपण लावणं म्हणजे काय, हे सरकारी कामात वावरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ते आणखी दोन मिनिटं थांबले असते, मग गाडीत बसले असते, आणि मुलांना कायमचं ओढ्यात क्रिकेट खेळावं लागलं असतं. मेश्राम मॅडमनी फाइल मिटली.

तेव्हा बबनराव पुढे झाले. टोपी काढली.

"साहेब, त्या दगडाला शेंदूर मी लावला. पैल्या दिशी. ह्या पाटणकर सायबांनी दगड रवला आन् ते जेवायला गेल्यावर मी लावला. देव न्हाई तो. मोजणीचा दगड हाय."

विलासशेठच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. आता या म्हाताऱ्याला लोक तुडवणार, असा तो आनंद होता. मलाही तसंच वाटलं. मी टेपची पेटी उचलून छातीशी धरली. तिचा काय उपयोग होणार होता, देव जाणे. किंवा दगड जाणे.

गर्दीतून सोनाबाई पुढे आल्या. दर अमावास्येला शेंदूर चढवणाऱ्या त्याच. सत्तरी ओलांडलेल्या, हातात नेहमीची तेलाची वाटी. त्या बबनरावांसमोर उभ्या राहिल्या.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"काय ठावं हाय?"

"तू लावला ते. म्या बांधावर शेळ्या राखत हुते. बघितलं की. म्हनलं, नवस असंल. कुनी का लावंना, म्या तेल घातलं ते म्या घातलं."

मेश्राम मॅडम त्यांच्याजवळ गेल्या. मॅडमनी भाषण केलं नाही. हात धरून सोनाबाईंना ओढ्याच्या उताराकडे नेलं, बोटाने दाखवलं आणि म्हणाल्या, "मावशी, त्या शेंदराखालचा आकडा दिसला नाही, तर मुलांचं मैदान कायमचं इथे येणार. पावसाळ्यात इथे पाणी असतं."

सोनाबाईंनी उताराकडे पाहिलं. मग विलासशेठकडे. मग म्हणाल्या, "खोळ फुगलीया त्याची. काढायला झालीच हुती."

खोळ म्हणजे शेंदराचा जाड थर. वर्षानुवर्षं चढून चढून तो दगडापासून सुटतो. मग तो मोडायचा नाही, विधीने अलगद काढायचा आणि पाण्यात सोडायचा, अशी रीत आहे. देव खोळ टाकतो, असं म्हणतात. माझ्या इंजिनिअरिंगच्या एकाही पुस्तकात ही रीत नव्हती.

"अहो, असं कसं? मुहूर्त नाही काही नाही!" विलासशेठ म्हणाले.

"देवाला माजी सवय हाय. तुमाला मुहूर्त लागत आसंल," सोनाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यांनी आधी डोळे काढून पदरात ठेवले. मग कडेने वाटीतलं तेल सोडलं. बोटं फिरवली. मागून थाप दिली, लहान मुलाला देतात तशी. आणि वाळल्या खोबऱ्यावरून करवंटी सुटावी तशी पुढची सबंध खोळ त्यांच्या हातात आली.

खाली काळा पाषाण. त्यावर फुली. फुलीखाली एक.

आणि मजा पुढेच आहे. सोनाबाईंनी खोळ उलटी केली. तिच्या आतल्या अंगावर, लाल शेंदरात, तीच फुली उठून आली होती आणि तिच्याखाली उलटा एक. साच्यातून काढावा तसा. म्हणजे आकडा आज कोणी कोरलेला नव्हता. शेंदूर चढायच्या आधीपासून तो तिथे होता. अकरा वर्षं देवाने माझा पुरावा जपून ठेवला होता, आणि तोही दोन प्रतींत.

कदम साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"एकाच प्लॉटला एक नंबरचे दोन दगड," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

आर्किटेक्ट बिचारा घाईने म्हणाला, "सर, पण इतर तीन तर ओरिजिनल आहेत. हा एखादा जास्तीचा स्टोन असेल. रँडम."

"मोजून बघू," मी म्हणालो. एका दगडावरून दुसरा शोधायला अंतर लागतं आणि दिशा लागते. अंतर माझ्या वहीत होतं, चाळीस मीटर. दिशा विलासशेठनीच पुरवली. त्यांनी मैदान इतकं काळजीपूर्वक, सरळ मागे सरकवलं होतं की त्यांच्याच दगडांच्या रेषेला समांतर रेषा मारली की झालं. मी त्यांच्याच आर्किटेक्टला त्याच्याच टोटल स्टेशनवर ते करायला सांगितलं. मुलगा प्रामाणिक होता. चाळीस मीटरवर त्याने खूण केली आणि मान खाली घातली.

खूण पडली होती विलासशेठच्या 'बुकिंग सुरू' या बोर्डाच्या बरोबर खाली.

कदम साहेबांनी बोर्ड हलवायला लावला. बबनरावांनी पहार घातली. आजूबाजूची जमीन कडक, पण तिथे पहार लोण्यात जावी तशी गेली. भुसभुशीत मुरूम निघाला. मुरुमाखाली काँक्रीटचा तुटलेला बेड, मधे दगडाच्या आकाराचा चौकोनी खड्डा. दोन नंबरचा दगड तिथे आणला. वाटीवर झाकण बसावं तसा बसला.

त्याच जागी विलासशेठ एक वाक्य बोलले. ते मी शेवटी सांगणार आहे, कारण लग्नाकार्यात ही गोष्ट सांगताना मी ते शेवटीच सांगतो.

पंचनामा झाला. साक्षीदार म्हणून सोनाबाईंचा अंगठा आणि मेश्राम मॅडमची सही एकाखाली एक आहे. रिव्हाइज्ड लेआऊट नामंजूर झाला. चारही दगड मूळ जागी, या वेळी दोन फूट काँक्रीटमध्ये. खोळ सोनाबाईंनी नदीत सोडली. त्याआधी कदम साहेबांनी तिचा फोटो काढून फाइलला लावला. सरकारी फाइलीत देवाची सही असलेला तो बहुधा एकमेव कागद.

पुढच्या वर्षी सभामंडपवाले पुन्हा आले. मेश्राम मॅडमनी पंचनाम्याची प्रत दाखवली. "हा देव नाही, हद्दीचा दगड आहे."

"दोनी हाय," सोनाबाई शेजारून म्हणाल्या. "पन छप्पर घालायचं न्हाई. बॉल लागतो." सभामंडप झाला नाही.

मैदान आजही आहे. रविवारी आयटीतली मुलं तिथे बॉक्स क्रिकेट खेळतात आणि बॉल म्हसोबाला लागला की आउट धरतात.

मी या प्रकरणातून शिकलो ते एवढंच. नकाशा कपाटात असतो आणि मैदान उघड्यावर. कपाटाला कुलूप असतं. मैदानाला रोज जाऊन बघणारं एक माणूस लागतं, मग ते बॉल मोजायला जावो की तेल घालायला. आणि सर्व्हेअरने जेवायला जाताना आपल्या माणसाच्या पिशवीत काय आहे, ते विचारू नये.

आता ते वाक्य. दोन नंबरचा दगड खड्ड्यात बसला. कदम साहेब लिहीत होते. चाळीसएक माणसं ऐकत होती. विलासशेठ त्या दगडाकडे बघत राहिले, लाल झाले, आणि मग सगळं भान सुटून आपल्या मुकादमावर ओरडले:

"तरी मी बोंबलून सांगत होतो, चारही उचला म्हणून!"